पत्र्याची नळी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी आमचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन होतं. तेल कमी लागावं म्हणून मी हवा गाळणारी जाळी गुपचूप काढून रुंद पत्र्याची नळी बसवली. इंजिन झोपेत श्वास घ्यावा तसं संथ चालू लागलं, डिझेलही वाचलं.

शेजारच्या शेतात वाळलेली हळद घासून पॉलिश करायला काढली होती. उन्हात तरंगणारी पिवळी धूळ मी बघत बसायचो. तीच नळीतून आत गेली आणि सिलिंडर झिजून इंजिन बंद पडलं. कुणाला कळायच्या आत मी घाईनं जाळी परत लावली.

"ऑइल बदललंच न्हाई तू!" थोरल्या भावानं इंजिन सांभाळणाऱ्या सालगड्याला झापलं, कामावरून काढलं. मी नळी कडब्याखाली सरकवली.

पुढे तो सालगडी औंढ्याच्या बाजारात भेटला. "इंजिन बराबर चालून राहिलं ना, मालक?"

"माझं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. मी नुसती मान हलवली.