संकष्टीच्या दिवशीची बाटली

फेब्रुवारीतली संकष्टी, सकाळचे साडेअकरा. ओट्यावर एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या, मिळून चाळीस रुपयांच्या. हजर तिघं: मी, बायको आणि आमची वीस वर्षांची मुलगी.

मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. नेकनूरच्या मैदानावर तिच्याबरोबर सराव करणाऱ्या काही मुली पळण्याआधी हे पेय घेत. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत पळालं तर पूर्ण गुण, आणि तिला बरोबर तीन मिनिटं लागत होती. दहा सेकंद कमी करायचे होते, हातात दीड महिना होता. बाटलीनं ते होत असेल तर तिला बाटली हवी होती. मी म्हणालो, आधी मी पिऊन बघतो.

"आवो, पळायचं लेकीला हाय, तुमाला कशाला बाटली?" बायको म्हणाली.

"म्हणूनच मी," असं म्हणून मी चष्मा लावला आणि लेबल वाचायला घेतलं. शंभर मिलीला तीस मिलिग्रॅम कॅफिन. बाटली अडीचशेची, म्हणजे पंचाहत्तर. साखर जवळजवळ तीस ग्रॅम. तेवढी घरातली साखर आम्ही चमच्यानं मोजून बघितली, सहा चमचे भरली.

मी दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट आणि डिग्री, म्हणजे दूध किती घट्ट आहे ते, बघतो. त्यामुळे लॅक्टोमीटर घरात असतो. तो या पेयात सोडला तर बुडबुडे त्याला चिकटून वर उचलायला लागले. पेय ढवळून गॅस घालवला आणि पुन्हा सोडला. चांगल्या दुधात तो अठ्ठावीस-तीसवर थांबतो. इथे चाळीसचा शेवटचा आकडाही पातळीच्या वर आला.

"बगा, एवढं घट्ट दूध कुणी घालतं का तुमच्याकडं?" बायको म्हणाली.

संकष्टी मी मुद्दाम निवडली होती. पोट रिकामं, पोटात दुसरं काही नाही, म्हणजे जे होईल ते बाटलीचंच होईल. दुसरी बाटली उघडून प्यायलो. चव खोकल्याच्या औषधात लिंबाच्या गोळ्या विरघळवल्यासारखी. पिण्याआधी नाडी ब्याऐंशी होती, अर्ध्या तासानं शहाण्णव. दुपारी केंद्रावर सॅम्पलची नळी धरली तर हात थरथरत होता. संध्याकाळी मी निकाल दिला: हे घ्यायचं नाही.

मुलीचं तोंड उतरलं. मग तिनं विचारलं, "पप्पा, दिवसभरात चहा किती झाला?"

"उपास आहे. काही खाल्लं नाही."

"खाल्लेलं न्हाई इचारलं. चहा इचारला."

मी बोटं मोजायला लागलो. उठल्यावर एक. देवपूजेनंतर एक. शेजारी गेलो, तर उपास आहे, निदान चहा तरी घ्या म्हणून एक. बाटली प्यायल्यावर केंद्रावर टँकरवाल्याबरोबर एक, आणि पुन्हा तेच, उपास आहे म्हणून दूध संस्थेच्या अध्यक्षांनी पाजलेला एक. पाच. उपासाला चहा चालतो, म्हणून तो माझ्या लेखी काही घेतलेलंच नव्हतं. वीस वर्षं लोकांच्या दुधातलं पाणी पकडणारा माणूस मी. मुलगी हसली नाही, पण बायको पदर तोंडाला लावून आत गेली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तपासणी केली, या वेळी चहाशिवाय. नेहमीसारखं जेवलो. हे वाटलं तेवढं सोपं गेलं नाही. टँकरवाला माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा कप मी परत केला तेव्हा म्हणाला, "का रं? रक्तात साखर निघाली का?"

"न्हाई. एक तपासणी चालू हाय."

"म्हंजे निघाली. लपवू नको, आमच्या मेव्हण्यानं बी असंच लपवलं होतं."

दुपारी चारपर्यंत गावात तीन जणांनी मला कारल्याचा रस सुचवला. डोकं मात्र चहावाचून खरोखर ठणकत होतं. तसाच बाटली प्यायलो. पाऊण तासात ठणका उतरला. नाडी चौऱ्याहत्तरवरून ऐंशीवर गेली, हात स्थिर राहिला. घरी येऊन मी निकाल मागे घेतला. म्हटलं, हा थंड, लई गोड आणि गॅस भरलेला चहा आहे. तुझं तू ठरव.

तिनं स्वतः बघितलं. एका सकाळी नुसतं पाणी पिऊन पळाली: दोन मिनिटं अठ्ठावन्न. एक दिवस मध्ये सोडून, पळण्याच्या अर्धा तास आधी बाटली घेऊन: दोन मिनिटं छप्पन्न, आणि शेवटच्या वळणावर ढेकर. घड्याळ माझ्या हातात होतं. दोन सेकंद बाटलीचे, की दोन दिवसांच्या सरावाचे, की माझा अंगठा चुकला, हे मला सांगता आलं नाही. पुढे रोजच्या पळण्यानं वेळ आणखी थोडी उतरली.

चाचणीच्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही बीडला पोलीस मैदानाच्या गेटवर होतो. बाटली तिच्या पिशवीत होती. "पप्पा, कधी पिऊ?"

"अर्धा तास आधी."

"नंबर कधी येईल?"

मी गेटवरच्या हवालदाराला विचारलं. "सहालाबी येईल, अकरालाबी येईल," तो म्हणाला.

तिनं थोडा विचार केला. आत्ता घेतली आणि अकराला नंबर आला, तर मधले पाच तास काय होईल ते आम्ही दोघांनी कधी बघितलंच नव्हतं. तिनं बाटली माझ्या हातात दिली. "जे मोजलेलं न्हाई ते आज नको," म्हणाली आणि रांगेत गेली.

नंबर दहानंतर लागला. साडेअकराला ती बाहेर आली, गुडघ्यापर्यंत धूळ. दोन मिनिटं त्रेपन्न. आजवरची तिची सगळ्यात चांगली वेळ, आणि पूर्ण गुणांच्या वेळेपेक्षा तीन सेकंद जास्त.

"बाटली घेतली असती तर?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. अजूनही येत नाही. आत नंबरची वाट बघत बसलेल्या मुलींपैकी दोघींनी सहालाच बाटल्या संपवल्या होत्या. त्यांच्या वेळा काय आल्या हे तिला कळलं नव्हतं, आणि मला विचारावंसं फार वाटत होतं.

तिला भूक लागली होती. समोरच्या गाड्यावर आम्ही पोहे खाल्ले, तिनं दोन प्लेट, मी एक. गाड्यावरच्या मावशींना साठ रुपये दिले.