मंगळवारच्या वहिनी

२००५ सालच्या एप्रिलमधला तिसरा शनिवार. जर्सी सिटीहून बेअर माउंटन आणि परत; दोन गाड्या, चार जोडपी. पेट्रोल, टोल, पार्किंग आणि वाटेतली कॉफी मिळून चौऱ्याण्णव डॉलर, म्हणजे जोडप्यामागे साडेतेवीस. हजर होतो आम्ही दोघं, पुण्याची दोन जोडपी आणि माझ्या ऑफिसात नुकताच लागलेला नागपूरचा हेमंत व त्याची बायको. परतताना हायवेवरच्या रेस्ट एरियात मी सगळ्यांना हिशेब वाचून दाखवला. हेमंतच्या बायकोला अमेरिकेत येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाली, "हिशेब एकदम बरोबर आहे भाऊजी. पण आपण उतरलो कुठे?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसाच्या पाचही ठिकाणांचे नकाशे मी छापून नेले होते. प्रत्येक ठिकाणी उतरून, फोटो काढून आम्ही वेळेवर पुढे निघालो होतो. नव्याने आलेल्याला असं फिरवून आणणं ही आमच्याकडची रीतच होती. ज्याच्याकडे गाडी तो नेणार, नवे लोक मागच्या सीटवर बसणार, आणि वर्षभराने त्यांची गाडी आली की ते आणखी नव्यांना नेणार. माझ्या गाडीतून अशी बरीच कुटुंबं फिरून आली होती आणि सगळ्यांनी आभार मानले होते. मला खरं लागलं ते वहिनींचं बोलणं नव्हे. सगळ्यांत जास्त वेळ हसली ती माझी बायको, सुलभा. घरी येऊन बूट काढतानासुद्धा ती मधूनच हसत होती.

वहिनींना गाडी चालवायची भीती वाटे आणि ती त्या लपवत नसत. नागपुरात एकदा स्कूटीवरून पडल्या होत्या, तेव्हापासून चाक हातात धरायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नसे, त्यामुळे आमच्या इमारतीतल्या बहुतेकजणी शनिवारची वाट पाहत दिवस काढत. वहिनींनी वाट पाहिली नाही. सोमवारी कपडे धुवायचे आणि मंगळवारी डबा भरून कोपऱ्यावर येईल त्या बसमध्ये बसायचं, असा त्यांनी नेम धरला. बस कुठे जाते हे त्या आधी विचारत नसत. शेवटपर्यंत बसायचं, उतरायचं, चालायचं, डबा खायचा आणि त्याच बसने घरी यायचं. चुकलात तर काय कराल, असं मी एकदा विचारलं. "शेवटच्या स्टॉपवर कोणी हरवत नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिथून बस वापसच येते."

आमच्या ओळखीतल्या लोकांनी त्यांचं नाव 'बसवाल्या वहिनी' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी ते हेमंतला कौतुकाने सांगितलं.

जून महिन्यात सुलभा त्यांच्याबरोबर जाऊ लागली. आमचा मुलगा आदल्या वर्षी कॉलेजसाठी दूर गेला होता. दिवसभर घरी ती एकटी असते हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी रोज साडेबाराला ऑफिसातून फोन करत असे. दुसऱ्या रिंगला ती उचलायची. एका मंगळवारी फोन वाजत राहिला आणि शेवटी आन्सरिंग मशीनवर माझाच आवाज ऐकू आला. पुढच्या मंगळवारीही तेच. मी तिला सेलफोन घेऊन दिला. तो ती पर्समध्ये बंद करून ठेवायची. बॅटरी टिकते, असं तिचं म्हणणं.

संध्याकाळी घरी यावं तर ओट्यावर कैऱ्या, नाहीतर उसाचे करवे. बर्गनलाइन ॲव्हेन्यूवरच्या स्पॅनिश बायकांच्या दुकानांत हे मिळतं, आणि वहिनी तिथे मराठीतून घासाघीस करतात, असं सुलभा सांगायची. मी त्या रस्त्यावरून कितीदा तरी गाडी नेली होती. तिथे ऊस मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. सुलभाचं नाक उन्हाने काळवंडलं होतं. सांगताना ती मध्येच थांबायची, काहीतरी आठवून स्वतःशीच हसायची आणि "जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं, तिथे असायला हवं होतं" म्हणून उठायची.

मी वहिनींचे दोष मन लावून गोळा करू लागलो. त्या मोठ्याने बोलत. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला "कुठून आले?" विचारत. कुठेही वेळेवर पोचत नसत. हे सगळं मी जेवताना एकेक करून सुलभाला सांगायचो आणि ती प्रत्येक गोष्टीला "हो ना" म्हणायची, पण अशा सुरात की जणू मी वहिनींचे गुणच सांगतो आहे. शहरातल्या चोऱ्यामाऱ्यांच्या बातम्याही मी वाचून दाखवल्या. पुढच्या मंगळवारी ती सोन्याच्या बांगड्या काढून ठेवून गेली.

त्या दोघी बोलतात तरी काय, असं मी एकदा सरळच विचारलं.

"विशेष काही नाही," सुलभा म्हणाली. "कधी कधी बोलतच नाही."

त्यांच्यात काही गुपित असतं तर मी समजू शकलो असतो. माझ्याबरोबर गाडीत असताना सुलभाने कधी गप्प बसण्यात आनंद मानला असेल असं मला आठवेना. गप्प बसली की मी रेडिओ लावत असे.

ऑक्टोबरमध्ये मी मंगळवारची रजा टाकली. रजा वाया जाणार होती असं मी घरी सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. बस बेयॉनला जाणारी होती. ड्रायव्हर इजिप्तचा होता. दोघींना पाहून त्याने मान डोलावली आणि माझ्याकडे बोट करून हे कोण, असं विचारलं. वहिनींनी आपल्या इंग्रजीत सांगितलं, की हे सुलभाताईंचे मिस्टर, आज इन्स्पेक्शनला आले आहेत. तो हसला. सुलभाही हसली. त्या दोघी एका बाकावर बसल्या आणि मी त्यांच्या मागच्या. वाटेत खरोखरच त्या फारशा बोलल्या नाहीत. मधेच एक काचेवर बोट ठेवायची आणि दुसरी तिकडे पाहायची. दर वेळी मीही पाहिलं. कधी एखादा कुत्रा, कधी दोरीवर वाळत घातलेली चादर. त्यात काय पाहायचं होतं ते मला सापडलं नाही.

बेयॉनच्या टोकाला रस्ता पाण्याशी संपतो. समोर स्टेटन आयलंड, आणि मधल्या अरुंद खाडीतून, उंच पुलाखालून, मोठाली मालवाहू जहाजं अगदी जवळून जातात. आम्ही बाकावर बसून वहिनींच्या सांबारवड्या खाल्ल्या. सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर. वड्या उत्तम होत्या. मी पाच खाल्ल्या. मग सुलभा उठली आणि काठाकाठाने चालू लागली. बघता बघता ती लांब गेली. इतकं भरभर चालताना मी तिला या देशात पाहिलंच नव्हतं. मी ऑफिसचे बूट घातले होते, मागे पडलो. सोबत म्हणून वहिनी माझ्याबरोबर मागे राहिल्या.

"पुण्यात शाळेत शिकवायला सुलभाताई चालत जायच्या म्हणे," त्या म्हणाल्या. "रोज जाऊन-येऊन सहा किलोमीटर."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"माहीत तर असणारच." मग म्हणाल्या, "राग नका मानू भाऊजी. तुम्ही त्यांना कुठे कुठे नेलं ते सगळं सांगतात त्या. नायगरा, वॉशिंग्टन, सगळं. मोठ्या अभिमानाने सांगतात. पण गाडीत बसून चालता येत नाही ना."

तेवढ्यात जहाज आलं. एखादी इमारत सरकत यावी तसं ते आलं, आणि मी सवयीने वरचे कंटेनर मोजू लागलो. सुलभा पुढे कठड्यापाशी उभी होती. जहाजाच्या कडेला एक माणूस दिसत होता, अंगठ्याएवढा. तिने हात हलवला. त्याने दोन्ही हात हलवले. अनोळखी माणसाला तिने हात केलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला त्या खलाशाचासुद्धा हेवा वाटला. जहाज पुलाखालून दिसेनासं होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मागे आम्ही आहोत हे पाहायला ती वळली नाही.

त्यानंतर मी मंगळवारी रजा घेतली नाही. साडेबाराचा फोनही त्या दिवशी करत नसे. पण घड्याळाकडे लक्ष जाई.

२००६च्या ऑगस्टमध्ये हेमंतचं काम टेक्सासला, फ्रिस्कोला हललं. त्यांना विमानतळावर मीच सोडलं. दोघी मागे बसल्या होत्या. मी रेडिओ लावला नाही. निरोप घेताना वहिनी माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो, तर म्हणाल्या, "पडू द्या ना भाऊजी, एवढं चालवून आणलं तुम्ही." त्या गेल्या याचं मला वाईट वाटलं नाही. आता सगळं पहिल्यासारखं होईल असंच मी धरून चाललो होतो.

तसं झालंही. मंगळवारीही मी पुन्हा फोन करू लागलो आणि तो दुसऱ्या रिंगला उचलला जाऊ लागला. सुलभा एकदा एकटीच बेयॉनच्या बसमध्ये बसून गेली आणि दीड तासात परत आली. मी येऊ का, रजा काढतो, असं मी म्हणालो. "कशाला उगाच," ती म्हणाली. शनिवारी मी विचारलं की ती तयार व्हायची, सांगेन तिथे फोटोसाठी उभी राहायची. तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. तिचं नाक पुन्हा गोरं झालं.

फ्रिस्कोहून फोन येत. घर मोठं, रस्ते त्याहून मोठे, आणि बस नाही. चालायला निघालं तर लोक गाडी थांबवून विचारतात, काही मदत हवी आहे का म्हणून. पहिले काही महिने वहिनींचा आवाज ओळखू येऊ नये इतका हळू असायचा. मग कळलं, त्या गाडी शिकून राहिल्या आहेत. परीक्षेत दोनदा नापास झाल्या. मार्चमध्ये फोन आला तो पुन्हा आधीच्या आवाजात, म्हणजे सुलभाने रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी मला ऐकू येत होता. लायसन्स मिळालं होतं. घरापासून निघून एक रस्ता तळ्यापाशी जाऊन संपतो म्हणे. हेमंत ऑफिसला गेला की त्या तिथपर्यंत जातात, उतरतात, पण एकटीने डबा खायला बरं वाटत नाही.

फोन ठेवून सुलभा माझ्यापाशी आली. "आपण कधी जाऊ या का त्यांच्याकडे?" तिने विचारलं.

ती 'आपण' म्हणाली होती. मी कॉम्प्युटर लावला. मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून चार दिवस, दोन माणसं, तिथे भाड्याची गाडी, डॅलसमधली पाहण्याजोगी ठिकाणं, असं सगळं माझ्या डोक्यात जुळलेलं होतं. शनिवार धरून गेलं तर विमानाचं भाडंही कमी होत होतं. पण शनिवारी-रविवारी हेमंत घरी असतो, आणि मी बरोबर असलो की कुठे किती वेळ थांबायचं ते मी ठरवतो. मी प्रवाशांचा आकडा दोनाचा एक केला. सोमवारी जाणं, गुरुवारी येणं. सुलभा माझ्या खांद्यामागे उभी होती. शनिवार सोडल्यामुळे तिकीट बासष्ट डॉलरनी महाग पडलं. एकंदर दोनशे त्र्याण्णव डॉलर साठ सेंट, माझ्या कार्डावरून विमान कंपनीला दिले; परत न मिळणारे, एका माणसाचे.