छतावरच्या आठ बाटल्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिचं म्हणणं असं, की मी झोपेतसुद्धा सगळं बरळतो. हे तेवढं बरळलो नाही—

मी ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात बाटल्या धुतो. शिकलो चौथीपर्यंत, पुढे मास्तर कंटाळले. तिथे एक ताई संशोधन करायची. पाटणकर बाजारामागच्या रंगाऱ्याकडून साड्या रंगवून उरलेलं लाल पाणी, स्कूटरला कॅन बांधून, स्वतः आणायची. ते परातीत ओतून त्यात चिमूटभर पांढरी भुकटी टाकायची आणि परात छतावर ठेवायची. ऊन लागलं की ती भुकटी रंगाला खात सुटते म्हणे. आणि खरंच—पाणी फिकं व्हायचं! मी तोंड उघडं टाकून बघायचो. नाल्यात जाणारी घाण, आणि ही पोरगी फुकटच्या उन्हानं साफ करते?

माझं काम काय? रंग कसकसा उतरतो ते ताईला कळावं, म्हणून दर अर्ध्या तासानं परातीतून एक बाटली भरायची. अशा आठ. माकडाला जमेल. मला नाही जमलं.

मे महिना. ताई तिच्या सरांकडे गेलेली. मी पहिली बाटली भरली, आणि नया बाजारात कचोरी—दोन खाल्ल्या, मग सावलीत जरा टेकलो—उठलो तर चार वाजलेले. सांगायचं ना सरळ? छे. कॅनमधलं लाल पाणी घेतलं, नळाचं मिसळत गेलो. गडद, कमी गडद, फिकं... लग्नांत सरबत केलंय मी, हात बसलेला. परात मोरीत ओतली.

ताई आली. "काका, देखो तो! रंग एकदम पायऱ्यांसारखा उतरलाय हो!" नाचलीच. मला पेढा दिला. मी खाल्ला.

पुढे तिला तसं पुन्हा मिळेना. भुकटी बदलली, परात बदलली, उन्हात स्वतः उभी राहून काळी पडली. एकदा विचारलं, "बाटल्या टायमावरच भरल्या होत्या ना, काका?" मी गळ्याला हात लावला—शपथ! "मग माझंच चुकतंय," म्हणाली. तीन महिने स्वतःचंच चुकतंय म्हणत राहिली. मी तिला चहा आणून द्यायचो. फार दयाळू माणूस!

शेवटी तिनंच त्या आठ बाटल्यांचे आकडे लिहिलेला कागद फाडला. खरा रंग इतका सरळ उतरत नाही, म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरू केलं. रंग गेला. खराच गेला. काय चीज आहे ती, सांगू!

तिचा प्रबंध बांधून आला. इंग्रजीत, म्हणून आभाराचं पान तिनंच मला वाचून सांगितलं. त्यात मी होतो—तिच्यासाठी उन्हात उभे राहणारे काका.

मी म्हणालो, "बढिया लिहिलंय, ताई."