मावशीने न फोडलेली बातमी

माझ्या मावशीला अख्खी कॉलनी बुलेटिन म्हणते. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत आहे, कारण तिला सगळंच माहीत असतं. चौकात तिचं शिलाईचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा आणि पडद्याआड माप घ्यायला एवढीशी जागा. त्या पडद्याआड बाई हात वर करून उभी राहिली, की मावशी टेप गुंडाळता गुंडाळता तिच्या पोटातलं सगळं बाहेर काढते. कुणाचं लग्न मोडायला आलंय, कुणाचा मुलगा परत त्याच वर्गात बसलाय, बाहेर मिशीला पीळ देणारा कुठला गृहस्थ घरी मुकाट भांडी घासतो. संध्याकाळपर्यंत त्या बातमीला तिखटमीठ लागून ती चार गल्ल्या फिरून आलेली असते. मी तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, पण मलाही सूट नाही. माझं पहिलं जमलेलं लग्न मोडलं, ते माझ्याआधी भाजीवाल्याला कळलं होतं. मी कोथिंबीर घ्यायला गेलो तर तो म्हणाला, जाऊ द्या, चांगली मिळेल. मला वाटलं कोथिंबिरीबद्दल बोलतोय.

काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांची फुप्फुसं कामातून गेली आहेत. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन आणि मशीनची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. मशीन थोडा वेळ बंद ठेवलं तर चालतं. जास्त वेळ बंद राहिलं की ओठ निळे पडायला लागतात. या माणसाला जन्मभर मावशीपुढे बोलायची संधी मिळाली नाही, आणि आता संधी मिळाली तर दम पुरत नाही. त्यामुळे ते मोजकंच बोलतात, पण बोलतात ते असं की समोरच्याने दिवसभर चोळत बसावं.

मग ते वादळ आलं. त्याचं वर्णन करत मी बसणार नाही. ज्यांच्या डोक्यावरचे पत्रे उडाले त्यांना विचारा, ते हौसेने सांगतील. सकाळी बाहेर आलो तर विजेचे खांब रस्त्यात आडवे झालेले, मोबाईलची रेंज गेलेली आणि एक झाड माझ्या टेम्पोच्या हातभर अलीकडे पडलेलं. कॉलनीचं ऑफिस गाठलं तर दारावर कागद चिकटवलेला. वादळग्रस्त नागरिकांनी अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्यावी म्हणे. वीज नाही, नेट नाही, आणि भेट द्या. ज्याच्या सुपीक डोक्यातून हे निघालं त्याला मीच एकदा भेट देणार होतो. पण दुपारी पावसाची सर आली आणि कागदच गळून पडला, तेवढंच बरं झालं.

मावशी माझ्याआधीच ऑफिसात पोचली होती. काकांचा जपून ठेवलेला छोटा सिलिंडर संपत आला होता. तिथल्या साहेबांनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की शाळेतल्या प्रयोगशाळेत छोटा जनरेटर लावलाय, पेशंटच्या मशीनसाठी. काकांना तिकडे हलवा, पण कुणाला बोलू नका. मागच्या वादळात त्यांनी अशीच सोय करून जाहीर केली होती. लोक मोबाईल घेऊन आले, इथपर्यंत ठीक. एकजण मिक्सर घेऊन आला. एका बाईने इस्त्री आणली, साड्यांसकट. जनरेटरने जो धूर सोडला तो दोन आठवडे शाळेच्या भिंतीवर होता. तेव्हा यावेळी गुपचूप. ज्याला खरंच गरज असेल तो येईल की विचारत, असं साहेबांचं म्हणणं. ज्याला श्वास घेता येत नाही तो चिखल तुडवत विचारायला कसा येणार, हे साहेबांनाच ठाऊक.

मी आणि शेजारच्या दोघांनी मिळून काकांना खुर्चीसकट उचलून शाळेत नेलं. मशीन सुरू झालं, काकांच्या तोंडावर रंग आला आणि मावशी भिंतीला टेकून रडायला लागली. माझ्या समोर ती रडलेली मी तेवढीच पाहिली.

त्याच दिवशी साहेबांना दुसरी अडचण आली. कागद कुणी वाचेना, म्हणून त्यांनी माझ्या टेम्पोवर कर्णा बांधून आपल्या कारकुनाला माईक दिला. तो 'बाधित नागरिकांना सूचित करण्यात येते की' असं वाचायला लागला आणि लोकांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या. त्यांना वाटलं, या गडबडीत निवडणूकही आली. मग साहेबांना मावशी आठवली. हिला माईकची गरज आहे का, असं मी विचारणार होतो, पण पोटापाण्याचा प्रश्न होता, गप्प बसलो.

मावशीने ऑफिसचा कागद एकदा वाचला, घडी करून कमरेला खोचला आणि आपल्या भाषेत सुरुवात केली. टँकर शाळेसमोर येतोय, बादल्या आणा, भांडणं घरी ठेवून या. तुटलेल्या तारेला हात लावू नका, हुशारी दाखवायला आणखी जागा आहेत. वीज आज येणार नाही, उद्याचंही काही सांगता येत नाही, उगाच बटणं दाबून बघू नका. ताडपत्री घराला एक मिळेल. तीन नंबरच्या गल्लीत एका घरात दोन चुली आहेत म्हणून दोन मिळणार नाहीत, तुम्ही एकाच ताटात जेवता ते मला माहीत आहे. लोक खिडक्या उघडून ऐकायला लागले. पोरं टेम्पोमागे धावायला लागली. माझी छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

पण प्रत्येक गल्लीत एक प्रश्न वरून यायचा: कुठे लाईट आहे का हो, कुठेतरी? मोबाईलसाठी विचारणारा कोण आणि श्वासासाठी विचारणारा कोण, हे रस्त्यावरून कसं कळणार. मावशी म्हणायची, ऑफिसने कळवलं की सांगते. पहिल्यांदा ठसक्यात म्हणाली. मग नुसतंच म्हणाली. शेवटच्या गल्लीत एक बाई गच्चीवरून दोनदा तेच विचारत राहिली, आणि मावशीने मला टेम्पो पुढे घ्यायला सांगितला. माईक बंद करून मांडीवर ठेवला. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या गोष्टी पोटात ठेवल्या नाहीत, तिच्या पोटात आता ही एकच गोष्ट होती आणि ती काकांच्या जिवाची होती.

संध्याकाळी शाळेत तिने डबा उघडलाच नाही. काकांनी भुवई उडवून विचारलं काय झालं म्हणून, तेव्हा तिने सगळं ओकून टाकलं. सांगितलं तर झुंबड उडेल, जनरेटर जळेल आणि तुम्ही जाल. नाही सांगितलं तर दुसऱ्या कुणाचं तरी माणूस जाईल, आणि मला माहीत असूनही जाईल. काकांनी नळी सारखी केली, दोन श्वास साठवले.

"तू एक गोष्ट पोटात ठेवलीस, हे लोकांना कळलं," ते म्हणाले, "तर त्यांना वाटेल मी मेलोच."

मावशीला हसावं की रडावं कळेना. काकांनी आणखी एक श्वास घेतला. "सांगून टाक. तुला पचायचं नाही ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात मी टेम्पो उभा केला. साहेब ऑफिसच्या पायरीवर चहा पीत उभे होते. मावशीने माईक हातात घेतला, दोनदा फुंकला आणि बोलली. ते मला शब्दन् शब्द आठवतंय.

"शाळेतल्या प्रयोगशाळेत वीज आहे. ती फक्त आजारी माणसाच्या मशीनसाठी आहे. माझा नवरा तिथेच आहे, त्या विजेवर जगतोय. जास्त मशीनं आली तर पाळी लावू, त्याचीही पाळी लागेल. आता बाकीच्यांनी ऐका. जो कुणी मोबाईल, मिक्सर, इस्त्री घेऊन शाळेच्या फाटकाशी दिसेल, त्याच्या घरातलं मला जे जे माहीत आहे ते मी या कर्ण्यावरून सांगेन. गल्लीगल्लीत थांबून सांगेन. मापांसकट."

साहेबांचा चहा शर्टावर सांडला. ते टेम्पोमागे धावत आले, पण चिखलात त्यांची एक चप्पल रुतली आणि तिच्याशी झटापट करेपर्यंत आम्ही पुढच्या गल्लीत होतो. सगळ्या कॉलनीत हे फिरवून सांगितलं. सांगून झालं की प्रत्येक गल्लीत असा सन्नाटा पसरायचा, की घराघरांत लोक आपापली पापं आठवतायत हे कळत होतं.

मोबाईल घेऊन एकच जण आला, तो मिशीवाला. फाटकापाशी घुटमळला. मावशीने माईक उचलून नुसता घसा साफ केला, तर तो म्हणाला मी सहज फिरायला निघालो होतो. चिखलात, पायजमा वर धरून, सहज.

मला तिने डिझेल आणायला पिटाळलं. परत आलो तर प्रयोगशाळेच्या दाराला पडदा लावलेला होता, तिच्या दुकानातला, माप घ्यायचा. मला आत सोडलं नाही. डिझेल दारात ठेव आणि बाहेर बस, म्हणाली. मी पायरीवर बसून राहिलो. आतून एकापेक्षा जास्त मशीनांचा आवाज येत होता. मग काकांच्या मशीनचा आवाज बंद पडला. तो मी झोपेतही ओळखेन. मी उठलो तेवढ्यात आतून काकाच तुटक तुटक म्हणाले, त्यांचं लावा, मी आहे. दुसरं मशीन सुरू झालं.

थोड्या वेळाने एका बाईचा आवाज आला, फार बारीक, धापा टाकत बोललेला. कुणाचा ते मला कळलं नाही.

"कितीतरी महिने चाललंय हे. तुम्हाला कळलं असतं तर गल्लीभर झालं असतं. म्हणून घरातच दाबून ठेवलं. डॉक्टरकडेसुद्धा लपूनछपून जाते."

मावशी काहीतरी फटकन बोलेल म्हणून मी वाट पाहिली. कॉलनीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप जिला तोंडपाठ, तिला इथल्याच एका बाईला श्वास पुरत नाही हे माहीत नव्हतं, आणि का माहीत नव्हतं ते तिला आत्ता तोंडावर सांगितलं गेलं होतं. मला तिची कीव आली. मग तिचा आवाज आला, माप घेताना असतो तसाच.

"मान जरा वर करा. नळी अडकलीये."

पुढे वीज आली. साहेबांनी मोठ्या साहेबांबरोबर जनरेटरशेजारी उभं राहून फोटो काढला आणि नियोजनाबद्दल शाबासकी घेतली. एका पायात नवी चप्पल होती असं मी म्हणणार नाही, दोन्ही नव्याच होत्या. काका घरी आले, आपल्या प्लगवर. मावशीचं दुकान उघडलं, पडदा धुऊन परत जागेवर लागला, आणि कुणाचा जावई कुणाशी भांडला हे पहिल्याच दिवशी चार गल्ल्यांत पोचलं. सुधारणार थोडीच.

मी मात्र खनपटीला बसलो. त्या खोलीत कोण कोण होतं, ते सांग. मी डिझेल वाहिलंय, माझा हक्क आहे. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, कुठली खोली? काकांना विचारलं तर त्यांनी नळीकडे बोट दाखवून दम लागल्याचं सोंग केलं. माझ्या आईने विचारून पाहिलं, साहेबांनी अहवालासाठी म्हणून विचारलं. कुणालाही कळलं नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढला आणि त्यात काय दिसलं ते सांगितलं. इतकी वर्षं टेम्पोच्या खिडकीतून फुंकलेल्या विड्यांचा हिशेब, दुसरं काय. घरी जायचा धीर होईना. टेम्पो चौकात आपोआप थांबला. दुकानात मावशी एकटीच होती. म्हटलं, मावशी, एक सांगायचंय. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मशीन थांबवलं, मला आत घेतलं आणि पडदा ओढला. मी सगळं सांगितलं, आईला सांगायच्या आधी, बायकोला सांगायच्या आधी. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, नुसता माझा हात धरून उभी राहिली.

काल कोथिंबीर आणायला गेलो होतो. भाजीवाल्याने नेहमीसारख्या चार गप्पा मारल्या, नेहमीसारखं वजनात मारलं. त्याला अजून काहीही माहीत नाही.