नातीच्या बशीतला चहा

मुलगा-सून सकाळी नोकरीला पळाले की आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटवर माझं राज्य. रयत एकच, दीड वर्षाची नात. बया वरणभात बघून तोंड फिरवायची, भाजी थेट माझ्या अंगावर थुंकायची. पण मी चहा गाळला की तुरुतुरु हजर! मग मी बशीत ओतायचो, फुंकर मारायचो, खारी बुडवून भरवायचो. दिवसातून तीनदा. पोट भरतंय ना, बास झालं. सुनेला काही सांगितलं नव्हतं. कशाला सांगा? लगेच मोबाइल उघडून मला शिकवायला बसली असती.

एका दुपारी पोरीला सणसणून ताप भरला आणि माझ्या मांडीवरच तिचे हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. माझी पाचावर धारण बसली. मी बोंब ठोकली तशी अख्खी विंग घरात घुसली. एकाने कांदा फोडला. एकीने चप्पल हुंगवली, तीही माझी! त्या वासाने धडधाकट माणूस आडवा झाला असता. मी स्वतः तिच्या दातांत चमचा घालायला निघालो होतो, म्हणजे अक्कल सगळ्यांचीच सारखी. तेवढ्यात झटके थांबले आणि ती भोकाड पसरून रडली. इतकं गोड रडणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच झापलं. "आजोबा, झटका आला की कुशीवर वळवायचं. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही." मग चौघांनी धरून पोरीचं रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी सून रजा टाकून सोबत आली. रिपोर्टात लोह पार तळाला गेलेलं. अशा मुलांना तापात झटके यायची शक्यता जास्त असते, बाई म्हणाल्या. "चहा देता का हिला? चहामुळे लोह अंगी लागत नाही."

"छे हो!" मी म्हणालो.

"मग इतकं कमी कसं? दुसरंच काही असेल. आणखी तपासण्या करू, पुन्हा रक्त घ्यावं लागेल."

नर्स सुई घेऊन आली. पोरीने ती बघितली आणि माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारली. माझ्या! मला स्वतःचीच किळस आली.

"थांबा," मी म्हणालो. "देतो मी चहा. रोज, तीन-तीनदा."

सुनेने मान वर केली नाही. "मला माहितीये, बाबा. तिचे डाग पडलेले फ्रॉक मीच धुते."

माझं टाळकंच सरकलं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही पिशवी भरून गावी निघून गेला असता. मग हिला कुणाकडे ठेवू?"

गेलोच असतो. जेवायलासुद्धा थांबलो नसतो.