डावा डोळा वयाने गेला नाही

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं, "आजीचं वय झालं, म्हणून तिचा एक डोळा गेला." मी ऐकत होते. तुम्ही जेवायला बसला होतात, म्हणून गप्प राहिले. आता लिहिते आहे, कारण ही गोष्ट तुमच्या डोक्यात पक्की बसण्याआधी खरं काय ते तुमच्याकडे पोचलं पाहिजे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, तरी हे मराठीत लिहिते. ज्यांच्यावर मी रागावले आहे ते मराठीत बोलतात. कुठे अडलं तर आईकडून वाचून घ्या, बाबांकडून नको.

आधी डोळा समजून घ्या. भोकरदनच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, तेव्हा वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून एकच उघडी ठेवायचे. समोरच्या भिंतीजवळ भिंग धरून पुढेमागे सरकवलं, की एका ठिकाणी भिंतीवर ती खिडकी उमटायची: लहानशी, रंगीत, उलटी. बाहेरचा कडुलिंब फांद्या खाली सोडून लटकलेला दिसायचा आणि वर्ग हसायचा. झाडाच्या एकेका बिंदूपासून निघालेले किरण भिंगावर सगळीकडे पडतात. भिंग त्यांना वळवून पुन्हा एका बिंदूत आणतं. वरचे खाली जातात, खालचे वर. कॅमेऱ्यात हेच होतं, डोळ्यातही हेच. कॅमेऱ्याचं भिंग पुढेमागे सरकतं, डोळ्यातलं जागच्या जागी फुगतं किंवा चपटं होतं, एवढाच फरक. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडलेलं उलटं चित्र नस मेंदूकडे नेते आणि मेंदू ते सुलट समजून घेतो.

मोतीबिंदू म्हणजे हे आतलं भिंग धुरकट होणं. दुसरं काही नाही.

माझं डावं भिंग धुरकटायला लागलं तेव्हा मला ते लगेच कळलं. दिव्याभोवती वलयं दिसू लागली, पांढरा रंग मळका वाटू लागला. मी आजोबांना म्हटलं, जालन्याला जाऊन ऑपरेशन करून घेऊ. ओट्यावर आक्का पेरणीसाठी सोयाबीनचं बियाणं निवडत बसल्या होत्या. आक्का म्हणजे आजोबांची मोठी बहीण; राजूरजवळच्या आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

"मास्तरीणबाई, कच्चा मोतीबिंदू कोन काढतं? सीताफळ बी पिकल्याबिगर कोनी तोडत न्हाई."

"आक्का, सीताफळ झाडाला असतं. हे माझ्या डोळ्यात आहे."

"तेच म्हनते मी. डोळ्यातलं हाय, मंग तर दमानं घ्यावं."

आजोबा म्हणाले, "अजून दिसून राह्यलं ना तुला? मंग एवढी जल्दी काय? सोयाबीन निघू दे."

हे पिकवण्याचं खूळ कुठून आलं, तेही सांगते. पूर्वी डॉक्टर धुरकट भिंग सबंध काढत आणि डोळा भिंगाशिवायच राही. मग बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. त्यामुळे अगदीच दिसेनासं होईपर्यंत थांबणं तेव्हा बरोबर होतं. आता भिंग आतल्या आत फोडून शोषून घेतात आणि त्या जागी प्लॅस्टिकचं बसवतात. हे मी घरात कितीदा समजावलं. मायक्रोस्कोपमध्ये खालचं भिंग प्रतिमा तयार करतं आणि वरचं ती मोठी करून दाखवतं. दुर्बिणीतही एक भिंग लांबचं चित्र जवळ आणतं आणि दुसरं ते मोठं करतं. आमच्या शाळेतल्या मायक्रोस्कोपचं एक भिंग जरा धुरकट झालं, तर हेडमास्तर त्याच आठवड्यात ते साफ करून घेत. बाईच्या डोळ्यातल्या भिंगाला मात्र सोयाबीन, मग कापूस, मग लग्नसराई.

उन्हाळ्यात एका सकाळी डावा डोळा ठणकायला लागला, लाल झाला, उलट्या सुरू झाल्या. घरात ठरलं, अर्धशिशी आहे. कपाळाला बाम चोळला आणि मला अंधाऱ्या खोलीत निजवलं. दुखणं थांबेना तेव्हा कुठे जालन्याला नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. "आजी, इतके दिवस का थांबलात?"

आजोबांनी उत्तर दिलं, "पिकायची वाट पाहून राह्यलो होतो."

ती माझ्याकडे वळली. मग तिने मला सांगितलं: भिंग फुगलं, डोळ्याच्या आतलं पाणी निघून जायची वाट बंद झाली, दाब वाढला, मागची नस जवळजवळ सगळी मेली. दाब उतरावा म्हणून तिने ते भिंग काढलं आणि नवं बसवलं. माझ्या डाव्या डोळ्यात आज स्वच्छ भिंग आहे. पडद्यावर चित्रही पडत असेल, रेखीव, उलटं. ते मेंदूकडे नेणारं कोणी नाही.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, निदान आता तरी बोलणं बदलेल. आक्का म्हणाल्या, "झालं ते झालं. उजवा तरी आता नीट पिकू दे. घाई नको करू."

उजवाही धुरकटायला लागला होता, आणि तो गेला असता तर तुमचे चेहरे मला नुसते आवाज होऊन राहिले असते. मी आजोबांकडे बोट करून म्हटलं, "यांचा मोतीबिंदू कच्चाच काढला होता. तेव्हा सीताफळ आठवलं नाही?"

"त्याला ट्रॅक्टर चालवावा लागतो. तुला कुठं जायचंय?"

"जालन्याला," मी म्हटलं आणि पिशवी भरली.

जीप भरायची वाट पाहत मी फाट्यावर उभी होते, तेव्हा मागून आजोबा आले. "पिशवी दे इकडं," म्हणाले. मी दिली नाही. राजूरला जीपमधून उतरून बस धरली, जालना येईपर्यंत ते माझ्या शेजारी बसून होते, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, त्यांना ते माहीत आहे. आक्कांना थांबण्यात काही चुकलं असं आजही वाटत नाही. आणि तुमच्या बाबांना हे सगळं फोनवर त्याच वेळी सांगितलं होतं, तरी ते तुम्हाला वय सांगतात.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. त्या डोळ्याने मला लांबचं स्वच्छ दिसतं. नवं भिंग फुगत नाही, म्हणून वाचायला चष्मा लागतो. डाव्या डोळ्याला दार उघडं आहे की बंद, एवढा उजेड कळतो.