धुळीची पाहणी

महामार्गावर बोलायला शहरातल्या आमच्या पुंडलिकनगरात कुणालाच दम लागत नाही. संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर निवृत्त मंडळी जमतात. एकाच्या मते सगळा घोळ भूसंपादनाचा, दुसऱ्याच्या मते ठेकेदाराचा, आणि तिसरा वर्तमानपत्र उलगडून दाखवतो की खर्चाचा अंदाज पुन्हा वाढला, मुदतही पुन्हा वाढली. मग अर्धा तास भांडण. काम रखडलं म्हणून खर्च वाढला, का खर्च वाढला म्हणून काम रखडलं? ऑफिसातून घरी येताना मीही थांबते, चार वाक्यं टाकते. पण त्यांना तो रस्ता वर्षातून एखाद्या वेळी लागतो, आणि माझ्या वडिलांची, अण्णांची, मोसंबीची बाग त्या रस्त्याला खेटून आहे.

पाचोडहून पैठणकडं जाणारा तो रस्ता रुंद करायचा म्हणून बागेसमोरचं डांबर उखडलं, मुरूम पसरला आणि यंत्रं घेऊन सगळे गायब झाले. डंपर तेवढे जातात. एक डंपर गेला की पुढची दोन मिनिटं बाग दिसत नाही.

मोसंबीचं पाणी थंडीत तोडतात. झाडाला ताण दिला आणि मग पाणी सोडलं की ते फुलतं. तो बहार टिकला तर वर्षाचं फळ, नाही तर नुसती पानं. गेल्या वर्षी अण्णांचा बहार गळाला. दरवर्षी आमच्या बागेचं फळ झाडावरच विकत घेणारे बागवान चाचा आले, त्यांनी एका पानावर बोट फिरवलं आणि ते बोट अण्णांसमोर धरलं.

"अण्णा, इत्ती मिट्टी में फूल टिकताच नै. अगले साल भी ऐसाच रहा तो मैं बाग नै ले सकता."

मी लहान असल्यापासून चाचा आमच्याकडं येत आलेत. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी महामार्गाच्या कार्यालयाकडं अर्ज लिहायला घेतले. मी स्वतः एका कार्यालयात टिपण्या लिहिते. अर्जाची भाषा कशी असावी ते आपल्याला कळतं, असा मला फार गर्व. महामार्ग कधी होईल हे मी विचारलंच नाही. बहार धरेपर्यंत बागेसमोर रोज दोनदा पाणी मारा, एवढीच मागणी. एका टेबलानं कळवलं की धूळ ठेकेदाराच्या कक्षेत येते. दुसऱ्या टेबलानं कळवलं की सुधारित खर्च मंजूर झाल्यावरच नवा ठेकेदार नेमला जाईल. माझं डोकं फिरायची वेळ आली. वर्षभर हेलपाटे घातले तेव्हा पत्र आलं, मंगळवारी अकरा वाजता स्थळपाहणी. झाडं ऐन फुलात होती. मी रजा टाकली आणि अण्णांना फोन केला.

मंगळवारी तोंडाला ओढणी घट्ट बांधून स्कूटीवर निघाले. पाचोड सोडल्यापासून नाकातोंडात माती. बागेसमोर आले आणि ओढणी सोडली. धूळच नव्हती. रस्ता ओलाचिंब, मुरूम गच्च बसलेला. पहिल्या तीन ओळींची झाडं तकतकत होती. फाटकासमोर सडा, रांगोळी. आणि स्वच्छ धोतर-टोपीतले अण्णा ट्रॅक्टरच्या टँकरची नळी गुंडाळत होते.

"अण्णा, हे काय केलं?"

"साहेब येनार ना आज! पाव्हन्याला काय धूळ चारायची व्हय? पहाटपासून चार टँकर मारले. झाडंबी धुतली, बारीक फवारा ठिवला, फूल झडू दिलं नाय."

ते पाणी शेततळ्यातलं होतं, उन्हाळ्यात याच झाडांना पुरवायचं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत जीप आली.

साहेब तरुण होते, नम्र होते. त्यांनी रस्ता पाहिला, पानं पाहिली, फोटो काढले. "मॅडम, इथं तर धूळ नाही."

मी सांगितलं, आज सकाळीच पाणी मारलंय. तासभर थांबा, ऊन चढू द्या. ते म्हणाले, "मला अजून दोन ठिकाणी जायचंय. जे दिसतं तेच मी लिहू शकतो." तेवढ्यात एक डंपर गेला. एरवी बाग गिळणारा तो डंपर ओल्या मुरमावरून अगदी गुमान निघून गेला. मला त्याच्यामागं धावून दगड मारावासा वाटला.

अण्णांनी साहेबांना शाल घातली, नारळ दिला, मोसंबीचा रस पाजला. पंचनामा झाला. 'पाहणीच्या वेळी धूळ आढळून आली नाही. झाडे स्वच्छ व निरोगी आहेत.' सही करू नका, असं मी दोनदा म्हटलं. अण्णा म्हणाले, "त्याच्यात खोटं काय हाय? आत्ता नायच धूळ." आणि सही केली.

जीप गेल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले. वर्षभराचं सगळं त्यांच्यावर काढलं. तुमच्यासारख्यांमुळंच या लोकांचं फावतं, असंही म्हणाले. अण्णांनी ऐकून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "तूच फोनवर म्हनलीस ना. साहेब येनार हायत, जरा नीटनेटकं दिसू द्या, आपन अडानी वाटाया नको."

मी म्हणाले होते खरी. मला त्यांचे कपडे म्हणायचे होते, अंगणातला शेणाचा ढीग म्हणायचा होता. अर्जात एकेक शब्द तोलून लिहिणारी मी, बापाशी मात्र घाईघाईत दोन वाक्यं बोलून फोन ठेवला होता. लाज वाटली, आणि ती लपवायला मी आणखी चिडले.

दुपारी रस्ता वाळला. डंपर आला. धुतलेल्या पानांवर धूळ पुन्हा थरानं बसली. आम्ही दोघं फाटकात उभं राहून बघत होतो.

महिन्याभरात बारीक फळं गळून झाडांखाली पसरली. चाचा आले, चहा प्यायले, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि बागेत न जाताच परतले. अण्णांनीही त्यांना थांबवलं नाही.

मग कार्यालयाचं पत्र आलं, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सोबत पाहणीचा फोटो जोडलेला. फुलांनी लगडलेली हिरवीगार झाडं आणि पुढं हात जोडून हसणारे अण्णा. पत्र मी फाडायला घेतलं तेव्हा अण्णांनी फोटो तेवढा मागून घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बाग अशी दिसत व्हती, म्हनून दाखवाया व्हईल."